हत्तीरोग : गोळ्या वाटल्या, गिळल्या किती?

नागपुरातील नंदनवनसारख्या वस्तीत राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबाला हत्तीरोग हा भंडारा-गडचिरोलीकडचा, धानाच्या बांधीतला आजार वाटतो. अर्धे खरे आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात या रोगाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे जायबंदी केली. मात्र वर्धा आणि नागपूर हे जिल्हेही त्याच यादीत आहेत, आणि हा रोग पसरविणाऱ्या क्युलेक्स डासाला धानाच्या बांधीपेक्षा शहरातील तुंबलेली गटारे अधिक मानवतात.

रोगाचे मूळ एका धाग्यासारख्या कृमीत आहे. डासाच्या दंशावाटे शरीरात शिरलेला हा कृमी लसिकावाहिन्यांत ठाण मांडतो आणि वर्षानुवर्षे तेथेच जगतो. त्याची सूक्ष्म पिल्ले रात्रीच्या वेळी रक्तात उतरतात. म्हणूनच आरोग्य कर्मचारी रात्री दारोदार फिरून रक्तनमुने घेतात. ज्याच्या रक्तात हे जंतू सापडतात, तो बहुधा ठणठणीत असतो. पायावर सूज किंवा अंडवृद्धी दिसेपर्यंत अनेक वर्षे निघून जातात, आणि एकदा वाढलेला पाय पूर्ववत होत नाही. मृत्यूच्या नोंदीत हा रोग जवळजवळ दिसतच नाही. शासनदरबारी त्याची उपेक्षा होण्याचे एक कारण हेही असावे.

या रोगाची खरी किंमत मजुरीत मोजावी लागते. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहणाऱ्या मजुराच्या सुजलेल्या पायाला बारीकशी चीर पडली तरी पुरे. जंतुसंसर्ग होतो, जांघेत अवधाण येते, थंडी वाजून ताप भरतो आणि ऐन हंगामातले दिवस अंथरुणात जातात. असे झटके वारंवार येतात आणि दर झटक्यागणिक सूज वाढते. मुलीच्या पायावर सूज असल्यास लग्न अडते. पुरुष अंडवृद्धीचे दुखणे लाजेपोटी लपवितो. वास्तविक ती साध्या शस्त्रक्रियेने बरी होते आणि शासकीय रुग्णालयांत त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

उपाय ठाऊक नाही, असे म्हणण्याची सोय नाही. डीईसी हे औषध 1940 च्या दशकात अमेरिकेत भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झाले. देशात हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम 1955 पासून आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने या रोगाच्या निदानावर दीर्घकाळ संशोधन केले. 2004 पासून बाधित जिल्ह्यांत सर्वांना वर्षातून एकदा गोळ्या देण्याची मोहीम सुरू झाली. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2002 मध्ये उच्चाटनासाठी 2015 हे वर्ष ठरविले होते. ते हुकले, त्यानंतरच्या मुदतीही हुकल्या. आता 2027 चे लक्ष्य समोर आहे. दरम्यान श्रीलंका व मालदीव यांनी 2016 मध्ये आणि बांगलादेशाने 2023 मध्ये हे यश मिळविले. चीनने त्याआधीच डीईसीयुक्त मिठाचा मार्ग अवलंबून ते साधले होते.

मग अडते कोठे? वाटप आणि सेवन यांच्यामधल्या अंतरात. पात्र लोकसंख्येपैकी किमान 65 टक्के लोकांनी गोळ्या प्रत्यक्ष गिळल्या, आणि तेही सलग काही वर्षे, तरच रोगाची साखळी तुटते. अहवालात आकडा मात्र वाटलेल्या गोळ्यांचा चढतो. आशा कार्यकर्तीने दारात ठेवलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात. रक्तात जंतू असलेल्या माणसाला गोळ्यांनंतर ताप, डोकेदुखी वा मळमळ होते. ते जंतू मरत असल्याचे लक्षण. गावात मात्र गोळ्यांनी माणूस आजारी पडला अशी वार्ता पसरते आणि पुढची दहा घरे दार लावून घेतात. 2019 मध्ये डीईसी व अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देण्याचा तीन औषधांचा प्रयोग देशातील ज्या मोजक्या जिल्ह्यांत आधी झाला, त्यांत नागपूर होते. या मिश्रणाने कमी फेऱ्यांत काम होते. पण चांगले औषधही पोटात गेल्याशिवाय गुण देत नाही. म्हणूनच कर्मचाऱ्यासमक्ष गोळ्या गिळण्याचा आग्रह आहे, आणि तो रास्तच आहे.

खेड्यातील माणूस निदान दारी आलेल्या आशाताईला ओळखतो. शहरी वस्तीत फाटकावरच नकार मिळतो. ‘आमच्याकडे कोणाला हा रोग नाही’ हे उत्तर देणाऱ्याच्या रक्तात रात्री काय असते, हे त्याला ठाऊक नसते. गर्भवती, दोन वर्षांखालील बालके व गंभीर आजारी रुग्ण यांना गोळ्या दिल्या जात नाहीत. इतरांनी टाळण्यास सबळ कारण नाही. भरीस भर म्हणजे नंदनवनजवळून वाहणारी नाग नदी शहराचे सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत, म्हणजे गोसीखुर्दच्या जलाशयाकडे नेते. शहर आपली घाण ज्या दिशेने लोटते, त्याच दिशेच्या गावांकडे हत्तीरोगाचे बोट दाखविते!

ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत, त्यांचा प्रश्न गोळ्यांनी सुटणारा नाही. त्यांना रोज पाय साबणाने धुणे, बोटांमधील जागा कोरडी ठेवणे, जखमेला वेळीच मलम लावणे हे शिकवावे लागते. त्यासाठी टब, साबण, मलम आणि शिकविणारा माणूस लागतो. उच्चाटनाची घोषणा झाली तरी प्राथमिक आरोग्य केंद्रांना ही व्यवस्था पुढील कित्येक वर्षे चालवावी लागणार आहे आणि तिच्यासाठीची तरतूद आतापासूनच हवी.