काटा किलोचा, तोटा लॉटचा

कोल्हापूरच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात एखाद्या फाउंड्रीमालकाला नव्या कास्टिंगचा भाव विचारा. तो ड्रॉइंग पाहील, वजनाचा अंदाज घेईल आणि ‘किलोला एवढे’ म्हणून सांगेल. कोअर किचकट असेल तर चार रुपये चढवील, बस्स. भोसरी-चाकणच्या मशिनशॉपमध्ये किलोच्या जागी मशिनचा तासाचा दर येतो. हिशेबाची जात तीच. भाडे, सुपरवायझरचा पगार, तपासणी, मालाची ने-आण असा सगळा वरखर्च एकत्र करायचा आणि लोण्यासारखा सर्व नगांवर सारखा फासायचा. एकच वस्तू हजारोंनी निघत होती तोवर हे खपून गेले. यापुढे खपणार नाही.

कारण वाहन कंपन्यांनी पुरवठादारांकडे ‘लीन’चा आग्रह धरला आहे. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी घडवलेल्या या पद्धतीचा गाभा साधा आहे: लागेल तेव्हा आणि लागेल तेवढेच करा, साठून पडलेला माल चुका झाकतो. त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. पण टोयोटाने लहान लॉट पेलले ते सेटिंगचा वेळ आधी कापून. १९६९ च्या सुमारास शिगेओ शिंगो यांनी तिथल्या १००० टनी प्रेसची डाय बदलायला लागणारे चार तास आधी दीड तासावर आणि मग ३ मिनिटांवर आणले. आपल्या छोट्या कारखान्यांपर्यंत पोहोचली ती नुसती मागणी. महिन्याला एकदा ५०० नग जात होते, तिथे आता आठवड्याला १२५ द्या. सेटिंग चार वेळा, पहिल्या नगाची तपासणी चार वेळा, चलने चार, टेम्पोच्या खेपा चार. भाव मात्र जुनाच, आणि वर दरवर्षी दरकपातीचे पत्र.

याचा हिशेब कसा चुकतो ते पाहा. समजा, एका मशिनशॉपमध्ये सेटिंग, तपासणी आणि पाठवणीचा मिळून महिन्याचा खर्च ३ लाख रुपये आहे. एका पार्टचे ८००० नग निघतात, दुसऱ्याचे २०००. सरसकट वाटणीने प्रत्येक नगावर ३० रुपये पडतात. पण महिन्यातल्या ३० सेटिंगपैकी पहिल्या पार्टला लागतात १० आणि दुसऱ्याला २०. म्हणजे पहिल्याचा खरा भार नगाला साडेबारा रुपये, दुसऱ्याचा १००. मालक दुसऱ्या पार्टवर नगामागे ७० रुपये खिशातून घालतो आणि पहिल्याचा भाव साडेसतरा रुपये चढा सांगून ती ऑर्डर शेजारच्या गाळ्यात घालवतो. राहते ती तोट्याची ऑर्डर. मशिन तीन पाळ्यांत फिरते आहे, माणसे ओव्हरटाइम करताहेत आणि पैसा कुठे जातो ते कळत नाही, ही तक्रार औद्योगिक वसाहतीच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकू येईल. तिचे उत्तर या गणितात आहे.

खर्च ज्या कामामुळे होतो त्या कामाच्या माथी मारा, ही ‘ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग’ची रीत नवी नाही. १९८७ साली जॉन्सन आणि कॅप्लन यांनी ‘रेलेव्हन्स लॉस्ट’मध्ये अमेरिकी कारखान्यांचे हिशेब निर्णयांच्या उपयोगाचे उरले नाहीत, असे बजावले होते. पुढे कूपर आणि कॅप्लन यांनी या रीतीला आकार दिला. तिच्यात नोंदींचे जंजाळ माजते, हा आक्षेप खरा आहे. खुद्द जॉन्सनच नंतर तिचे टीकाकार झाले. पण २० माणसांच्या शॉपला सॉफ्टवेअर नको. सेटरने महिनाभर वहीत कोणत्या पार्टवर किती वेळ गेला एवढे लिहिले तरी वरचे गणित सुटते.

दुसरा सापळा ताळेबंदात आहे. तयार मालाच्या साठ्यात उत्पादनाचा स्थिर वरखर्चही धरला जातो. त्यामुळे गोदाम भरले की नफा फुगलेला दिसतो आणि लीन करून साठा उतरवला की त्या वर्षी तो घसरतो. त्यातच कॅश क्रेडिटची उचलमर्यादा बँक ठरवते ती साठा आणि येणी पाहून. सुधारणा केली म्हणून नफा घटलेला आणि मर्यादाही आटलेली, अशा मालकाने पुन्हा गोदाम भरायला घेतले तर दोष कुणाचा?

केंद्राने मार्च २०२३ मध्ये छोट्या उद्योगांसाठी लीन योजना आणली. सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलते, हे स्वागतार्हच. पण शॉपफ्लोअरवर पिवळे पट्टे आखून आणि हत्यारांचे फळे टांगून भावाचा कागद बदलत नाही. सल्लागाराने निघण्यापूर्वी मालकाच्या हाती पार्टनिहाय खर्चाचा तक्ता द्यावा, ही अट घाला. साठा घटल्याने पहिल्या वर्षी दिसणारी नफ्यातली घट वेगळी वाचायला बँकांच्या शाखांना शिकवा. आणि हे पुढच्या दरकपातीच्या फेरीआधी करा. खरेदी अधिकारी १२५ चा लॉट मागेल तेव्हा ‘एका सेटिंगला मला १० हजार पडतात’ असे मालकाला कागद पुढे सरकवून सांगता आले पाहिजे. आज तो एवढेच म्हणू शकतो, ‘साहेब, किलोला दोन रुपये तरी वाढवून द्या.’