तिसऱ्या पिनची बाजू

मी बी.कॉम. आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. विजेचा आणि माझा संबंध महिन्याच्या बिलापुरता. तरीही गेल्या दिवाळीत मी घरच्या घरी स्पीकर केला. आईला ऐकायला कमी येतं आणि संध्याकाळचा हरिपाठ तिला मोठ्यानं लागतो. पत्र्याचा डबा, १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, टीडीए २०३० ही चिप आणि जुन्या टीव्हीतला स्पीकर, एवढ्या भांडवलावर धंदा उभा राहिला. पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "छान हाय रे, पण मागं तंबोरा कोण धरायलंय?"

तंबोरा म्हणजे 'घूं'. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. तिची डीसी केली की हेलकावे १०० होतात, आणि ते गिळायला मोठा कपॅसिटर नसला, की परळीचं औष्णिक वीज केंद्र आपल्या डब्यातून स्वतः गाऊ लागतं! मी १००० मायक्रोफॅरडच्या जागी ४७०० चा बसवला. आठ आणे तंबोरा गेला. आवाजाची वायर आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांच्या पासोडीसारखी लांबलचक, वर ट्रान्सफॉर्मरच्या अंगावरून गेलेली. ती आखूड आणि जाळीची घेतली, ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या टोकाला हलवला. आणखी चार आणे गेले. उरलेले चार आणे मात्र कॉम्प्युटरची वायर जोडली की हजर, काढली की गैरहजर.

शेवटी वायरमनला बोलावलं. त्यानं क्षणभर पाहिलं. "साहेब, ही तिसरी पिन काढून टाका. नुस्ती शोभेची हाय." काढली. घूं बंद! मी त्याला चहा पाजला. आठव्या दिवशी आई म्हणाली, "डब्याला हात लावला की मुंग्या यायल्यात रे. अंगात आलंय का त्याच्या?"

माझं भांडण इथून सुरू होतं.

कॉम्प्युटर एका खोलीतल्या प्लगवरून जमिनीला जोडलेला, डबा दुसऱ्या खोलीतल्या, आणि दोघांच्या मधे आवाजाची वायर. म्हणजे एकाच पार्टीची दोन शाखांत खाती, आणि रक्कम नुसती गोल फिरतेय! ती फिरणारी रक्कम म्हणजे घूं. अशा वेळी कोणताही कारकून दोन्ही खाती एका शाखेत आणील. मी तेच केलं. तिसरी पिन परत बसवली, दोन्ही प्लग एकाच बोर्डावर शेजारीशेजारी लावले. घूं गेली. गेली नसती, तर आवाजाच्या वायरीत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला असता. पिन कापणं म्हणजे तक्रारपेटी भिंतीवरून काढायची आणि हेड ऑफिसला कळवायचं, की ग्राहकांच्या तक्रारी संपल्या!

ती पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, ती उगाच नव्हे. घरातल्या थोरल्यासारखी ती आधी आत जाते आणि सगळ्यांत शेवटी बाहेर येते. उद्या आतली वायर सुटून पत्र्याला टेकली, तर वीज या पिनवाटे जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन नसली तर वीज डब्यावर वाट पाहत बसते. हाताची. आमच्या घरी तो हात आईचा.

आणि पिन असून भागत नाही. कित्येक घरांत तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. असली तरी अर्थिंगच्या खड्ड्याला ओल लागते, आणि आपल्याकडचा उन्हाळा असा, की २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तिथं खड्ड्याला कोण पाजणार? पण धुण्याच्या पाण्याची एक बादली पुरते, एवढी उधारी त्याला द्या. जोडीला आरसीसीबी बसवा. गेलेली आणि परत आलेली वीज जुळली नाही, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो दुकान बंद करतो. आम्हांला १० रुपयांच्या फरकासाठी रात्री आठपर्यंत बसवतात. हा निकाल डोळ्याचं पातं लवायच्या आत लावतो.

आता हरिपाठ स्वच्छ ऐकू येतो. काल आई म्हणाली, "तंबोऱ्यावाला गेला वाटतं. बरा होता बिचारा, सुरात तरी होता. तू मागं म्हणू नको."