जुन्या भावांतून कळणारी प्रकृती

आपल्या घरात पंचाहत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर हा प्रसंग आपल्या परिचयाचा असेल. बाजारातून आलेली पिशवी स्वयंपाकघरात रिकामी होत असते, कोणीतरी तूरडाळीचा भाव सांगते आणि आरामखुर्चीतून आवाज येतो, ‘‘आमच्या वेळी एवढ्या पैशांत महिन्याचं सामान यायचं.’’ सून हसून घेते, मुलगा वर्तमानपत्रात डोके घालतो, आणि पुढचे वाक्य नातवंडांना तोंडपाठ असते. या बोलण्याकडे बहुतेक घरांत करमणूक म्हणून तरी पाहिले जाते किंवा कटकट म्हणून तरी. ते लक्ष देऊन ऐकावे, असे आरोग्याच्या दृष्टीने मला वाटते. आपल्या स्वतःच्या देहावर किती खर्च करणे योग्य, याविषयी त्या माणसाच्या मनात कोणते माप ठरलेले आहे, हे त्यातून कळते. शिवाय याच बोलण्यामुळे त्यांच्या स्मरणशक्तीविषयी घरच्यांचा एक मोठा गैरसमजही होत असतो.

आधी हे भाव इतके पक्के का लक्षात राहतात ते पाहू. उतारवयात माणसाला आयुष्यातील आठवणी सांगायला सांगितल्या, तर साधारणपणे दहा ते तीस या वयांतील आठवणी सर्वांत अधिक येतात, असे मानसशास्त्राच्या अभ्यासकांना आढळले आहे. पहिली नोकरी, पहिला पगार, लग्न, भाड्याची पहिली खोली, पहिले मूल हे सारे याच काळात घडते, आणि यांतल्या प्रत्येक गोष्टीला किंमत मोजावी लागलेली असते. आज पंचाहत्तरीच्या पुढे असलेल्या पिढीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. ही माणसे दोन चलनांत वाढली. 1 एप्रिल 1957 पर्यंत रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे आणि पैशाच्या 3 पै असा हिशोब होता. त्या दिवसापासून रुपयाचे 100 नवे पैसे झाले. चार आण्यांचे 25 पैसे सरळ होत. परंतु एका आण्याचे सव्वासहा, आणि तो पाव पैसा कोणी सोडायचा हा प्रश्न उरे! थोड्याच वर्षांत शेर, पायली, मापटे, चिपटे ही मापेही कागदोपत्री संपली आणि किलो-लिटर आले. पावकी-निमकी पाठ करून बसलेल्या मुलांना दशमान पद्धत नव्याने शिकावी लागली. चवली, पावली, अधेली ही नाणी ज्यांनी हातात धरली आणि ज्यांच्या हातांतून ती नाहीशीही झाली, त्यांना त्यांचे मोल विसरता येत नाही, यात नवल नाही.

या आठवणी काढणे हे म्हातारपणीचे चळ आहे, असे एकेकाळी वैद्यकातही समजले जाई. 1963 मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी वेगळी मांडणी केली. आयुष्याचा शेवट जवळ आल्याची जाणीव झाली की माणूस आपल्या जगण्याचा आढावा घेऊ लागतो, आणि ही प्रक्रिया स्वाभाविक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून काहींना समाधान लाभते, तर काहींना खंत आणि विषण्णताही येते, हेही त्यांनी नोंदवले. पुढे आठवणींना चालना देणारी उपचारपद्धती स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वापरात आली. तिचा लाभ होतो, पण तो माफक असतो आणि प्रत्येकाला सारखा होतोच असे नाही. तेव्हा ‘गप्पा मारा, विसराळूपणा जाईल’ अशा आश्वासनांवर विश्वास ठेवू नये.

आता त्या ‘स्वस्ताई’कडे वळू. जुना भाव ऐकला की त्याच्या जोडीचा पगार विचारण्याची सवय घरातील तरुणांनी लावून घ्यावी. पहिल्या वेतन आयोगाने 1947 मध्ये केंद्र सरकारी नोकराचे किमान वेतन महागाई भत्त्यासह 55 रुपये सुचवले होते. सातव्या वेतन आयोगानुसार 2016 पासून किमान मूळ वेतन 18,000 रुपये झाले. 55 रुपयांचे 880 आणे होतात. म्हणजे पहिल्या नोकराच्या खिशातला एक आणा हा 2016 मधील नोकराच्या खिशातल्या सुमारे 20 रुपयांएवढा होता. एका आण्याची वस्तू त्याला फुकटासारखी मिळत नव्हती. तो विचार करूनच ती घेत असे. आणि हे झाले सरकारी पगारदाराचे. शेतमजुराच्या, गिरणीतील बदली कामगाराच्या किंवा 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाईच्या हिशोबात तेवढाही निवांतपणा नव्हता. रेशनच्या दुकानापुढील रांग, मिलोची लाल ज्वारी, दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी, घासलेटाचा डबा घेऊन तासन्‌तास उभे राहणे, हेदेखील त्याच स्वस्त काळातले आहे.

आरोग्याच्या बाबतीतही हेच. ‘आमच्या वेळी हे रोग नव्हते’ हे अर्धे खरे आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते, आणि बालमृत्यूंचा त्यात मोठा वाटा होता. पायऱ्यांच्या विहिरीतील पाण्यातून नारू होई. देवीचे व्रण अंगावर वागवणारी माणसे गावोगाव दिसत. ज्वारी-बाजरीची भाकरी, ऋतूप्रमाणे भाजी, दिवेलागणीनंतर लवकर जेवण आणि कुठेही पायी जाणे या सवयी मात्र खरोखर हितकर होत्या आणि आजही त्यांचा अंगीकार करण्याजोगा आहे. तूप-साखर खाऊनही ठणठणीत राहिल्याचे कोणी सांगू लागले, तर ती साखर रेशनकार्डावर मोजून मिळत असे आणि तूप पंगतीत वाढले जाई तेही चमच्याच्या टोकाने, एवढे स्मरण करून द्यायला हरकत नाही.

परंतु वादात जिंकणे हा येथे हेतू नाही. जो माणूस आण्यात वाढला, त्याच्या मनातला तराजू आजही तोच असतो. नातवाच्या शाळेच्या फीसाठी तो हजारो रुपये काढून देतो, मुलीच्या बाळंतपणात हात आखडत नाही. पण स्वतःच्या वाट्याला काही घ्यायचे झाले की जुना भाव आड येतो. ‘एका गोळीला एवढे पैसे?’ हा उद्गार आपण ऐकतो आणि सोडून देतो. प्रत्यक्षात त्यानंतर काय घडते? रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतली जाते. ‘आज बरं वाटतंय’ म्हणून ती वगळली जाते, किंवा अर्धी करून दोन दिवस पुरवली जाते. काही गोळ्या शरीरात हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. त्या मोडल्या की औषध एकदम अंगात उतरते आणि अपाय होऊ शकतो. डॉक्टरांना यातले काही कळत नाही. रक्तदाब आटोक्यात नाही असे पाहून ते मात्रा वाढवतात, म्हणजे खर्चही वाढतो आणि काटकसरीला आणखी निमित्त मिळते.

दातांचेही तसेच आहे. ‘आता किती दिवस राहिलेत, कवळी कशाला?’ असे म्हणून कवळी टाळली जाते. मग भाकरी सुटते, उसळी सुटतात, काकडी-गाजर सुटते आणि दिवसातून तीन वेळा चहात बुडवलेले बिस्कीट हाच आहार होतो. वजन घटते, मांड्यांचे स्नायू झिजतात, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागतो. घरचे म्हणतात, वय झाले. श्रवणयंत्राचे पैसे ‘वाचवले’ की माणूस गप्पांतून बाहेर पडतो. आणि ऐकू न येणे हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक मानला जातो.

विजेची काटकसर तर अनेक घरांत गुण म्हणून वाखाणली जाते. कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेल्या माणसाला रात्रभर जळणारा दिवा बघवत नाही. परंतु वृद्धांच्या मांडीच्या हाडाचे अस्थिभंग अनेकदा रात्री अंधारात लघवीला जाताना पडल्यामुळे होतात. अर्ध्या वॉटचा रात्रीचा दिवा रोज आठ तास जळला, तरी महिन्याला एक दशांश युनिटहून थोडीच अधिक वीज लागते. हा हिशोब आजोबांपुढे कागदावर मांडा. आकड्यांवर त्यांचा विश्वास असतो. पंख्याचेही तसेच. 75 वॉटचा पंखा रोज आठ तास चालला तर महिन्याला 18 युनिटे होतात. वैशाखात विदर्भ-मराठवाड्यातील दुपारी हा खर्च वाचवण्यासारखा नाही, कारण उतारवयात तहानेची जाणीव मंदावते आणि उष्माघात फारसा गाजावाजा न करता येतो.

स्मरणशक्तीविषयीचा गैरसमज याहूनही फसवा आहे. ‘बाबांना 1960 चा धान्याचा भाव आठवतो, त्यांच्या डोक्याला काय झालंय?’ असे अनेक कुटुंबे समाधानाने सांगतात. अल्झायमर या विकारात बहुधा ताज्या आठवणी आधी जातात आणि जुन्या पुष्कळ काळ टिकून राहतात. त्यामुळे अधेलीचा, पावलीचा अस्खलित हिशोब हा सध्याची स्मृती शाबूत असल्याचा पुरावा होत नाही. एकच गोष्ट दर रविवारी सांगणे हे वयोमानाप्रमाणे आहे; एकच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारणे तसे नाही. 50 पैशांना आठ आणे म्हणणे ही भाषेची सवय झाली. पण दहा रुपये घेऊन आठवड्याची भाजी आणायला निघणे आणि भाजीवाल्याने फसवले म्हणून संतापणे, यात जुना भाव आठवणे आणि तोच आजचा भाव समजणे यांतील रेषा ओलांडली गेलेली असते. सुट्ट्या पैशांचा घोळ होणे, तेच बिल दोनदा भरणे, वर्षानुवर्षे ज्या दुकानात गेलो तेथून परतताना वाट चुकणे, अशा घटना वारंवार घडू लागल्या तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. ब12 जीवनसत्त्वाचा अभाव, थायरॉइडचा दोष, नैराश्य अशा कारणांनीही असे होते, आणि त्यांवर उपचार आहेत. आठवणी निघाल्या की रोज डोळे भरून येणे, झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, हेही हळवेपणा म्हणून सोडून देऊ नये.

मग घरात बोलावे कसे? ‘आता तो काळ गेला’ या वाक्याने संभाषण संपते, म्हणून ते टाळावे. ‘आजोबा, तुमचा पहिला पगार कशावर खर्च झाला?’ किंवा ‘आजी, तेव्हा तुझ्या वाट्याला दूध यायचं का गं?’ असे विचारून पाहा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी येईल. अनेक घरांत बायका शेवटी जेवत आणि दूध पुरुषांच्या व मुलांच्या पेल्यांत संपे. ती आजी आजही स्वतःसाठी दूध ओतून घेत नाही. ‘मला आवडत नाही’ असे म्हणते, आणि घर तिच्यावर विश्वास ठेवते. उत्तर ऐकल्यावर उपदेश करू नये. आठवण दुःखाची निघाली, भुकेची किंवा गेलेल्या भावंडाची निघाली, तर खोदून विचारू नये. थोडा वेळ शेजारी बसून राहावे.

खर्चाची भीती नुसत्या धीर देण्याने जात नाही, तेथे खर्च खरोखर कमी करून दाखवावा लागतो. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे की औषध परवडत नाही म्हणून ते वगळले जात आहे. त्याच गुणाचे स्वस्त जेनेरिक औषध जनऔषधी केंद्रात मिळण्यासारखे असेल तर ते लिहून देतील, किंवा अनावश्यक झालेली एखादी गोळी बंदही करतील. पुढील भेटीला जाताना औषधांच्या साऱ्या पट्ट्या सोबत न्याव्यात, अर्ध्या मोडलेल्या गोळ्यांसह.

आणि घरात जमाखर्चाची वही लिहिणारे ज्येष्ठ असतील, तर ती वही त्यांच्याकडून काढून घेऊ नये. उलट तीत औषध, फळे आणि दूध यांचे वेगळे पान त्यांनाच उघडायला सांगावे. त्या पानावर काय विकत घेतले गेले नाही हे आपोआप दिसते. महिनाअखेरची बेरीज त्यांनीच करावी, आणि ती जुळते का, अक्षर पूर्वीसारखे आहे का, एखादी रक्कम दोनदा तर पडली नाही ना, हे घरातल्या कोणीतरी शेजारी बसून पाहावे.