रंग नंतर बघू, आधी खाली वाका

जुनी गाडी 'रिस्टोर' केल्याची रील तुम्ही शंभरदा पाहिली असेल. आधी गंजका सांगाडा, मग पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग लालभडक रंग, मग क्रोमवर मावळता सूर्य. तीस सेकंदांत खेळ खलास. या तीस सेकंदांत मागच्या चाकांमध्ये काय आहे हे एकदाही दिसत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: जे दाखवलं जात नाही ते बहुतेक वेळा झालेलंच नसतं. याला आळस म्हणू नका, ही फसवणूक आहे. गाडी विकत घेणाऱ्याची, आणि त्याच्या शेजारच्या सीटवर विश्वासाने बसणाऱ्याचीही.

'आपल्याकडे कुठे आल्या स्पोर्ट्स कार' असं म्हणून हात झटकू नका. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून आपल्याकडे हेरल्ड बनवली. ती मूळची ट्रायम्फ हेरल्ड, इंग्लंडात १९५९ साली आलेली, मिकेलोत्ती या इटालियन माणसाने रेखलेली. तिचीच चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन सीटांची स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या कुणाच्याही आजोबांच्या हेरल्डची मागची बाजू आणि परदेशात लाखो रुपये मोजून घेतलेल्या स्पिटफायरची मागची बाजू सख्ख्या बहिणी. गुणही तेच, खोडीही तीच.

ती खोड समजून घ्या. मागे एकच आडवा पाटा, डिफरन्शिअलच्या डोक्यावर बोल्टने आवळलेला. त्याची दोन टोकं दोन चाकांना धरतात. प्रत्येक चाकाचा एक्सल फक्त आतल्या टोकाला वाकतो, त्यामुळे चाक दारासारखं झुलतं. सरळ रस्त्यावर मजा. पण वळणावर वेगात असताना घाबरून अॅक्सिलरेटर सोडलात, तर मागची बाजू उचलली जाते, बाहेरचं चाक खालून आत दुमडू पाहतं, टायर कडेवर उभा राहतो आणि शेपूट सुटते. राल्फ नेडरने १९६५ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण अशाच झुलत्या एक्सलच्या शेवर्ले कॉर्वेरवर लिहिलं. (१९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्या चाचण्यांनी कॉर्वेरला त्या काळच्या इतर गाड्यांच्या रांगेत बसवलं, हेही खरं.) ट्रायम्फने स्वतःच १९७० च्या स्पिटफायरमध्ये पाट्याची बांधणी बदलली. आपल्या स्टँडर्डने तर १९७२ च्या गॅझेलमध्ये झुलते एक्सल काढून सरळ एकसंध एक्सल टाकला. बनवणाऱ्यांनाच ज्याची धास्ती होती, ते आपण रॉकेलने पुसून, वर काळा रंग मारून परत चढवतो.

आता जोडणीकडे या. सुटं करणं कुणालाही जमतं. अक्कल परत जोडताना लागते. सगळ्यात जास्त गाढवपणा होतो तो बुशमध्ये. रबरी बुश घसरत नाही, पिळला जातो. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी पकडली जाते आणि बाकीची सगळी हालचाल रबराने पीळ खाऊन सोसायची असते. गाडी जॅकवर आहे, चाकं खाली लोंबकळतायत, आणि मेस्त्रीने तशातच नट कचकचून आवळले, तर रबराला वाटतं हीच आपली बसायची जागा. मग गाडी जमिनीवर येते आणि रबर जन्मभर पिळलेल्या अवस्थेत राहतं. काही महिन्यांत फाटतं. गाडी मागून टाच उंच केल्यासारखी दिसते आणि मालक म्हणतो, 'पाटा नवा आहे ना, बसेल हळूहळू.'

खरी रीत कंटाळवाणी आहे. सगळे बोल्ट आधी नुसते हाताने घालायचे. शॉकअपचा खालचा बोल्ट बसवताना जॅक चाकाच्या बाजूला लावून ते उचलून धरायचं, कारण या गाडीत चाक किती खाली लोंबावं हे शॉकअपच ठरवतो. तो सुटा असताना चाक सोडून दिलं तर ब्रेकच्या रबरी नळीला हिसका बसतो. मग गाडी चाकांवर उतरवायची, चार हात पुढे, चार हात मागे ढकलायची, म्हणजे फाकलेली चाकं जागेवर येतील. सीटवर माणसं बसवायची. आणि मग खाली झोपून, नाकावर माती घेत, टॉर्क रेंचने एकेक नट आवळायचा.

आणखी एक. चाक पुढे-मागे सरकू नये म्हणून जो दांडा असतो, त्याच्या ब्रॅकेटमागे पातळ पत्र्या असतात. चाक सरळ बघतंय की तिरकं, हे त्या ठरवतात. उघडताना त्या टपाटप पडतात आणि झाडूबरोबर भंगारात जातात. कुठल्या बाजूला किती होत्या हे खडूने लिहून ठेवायला काही पैसे पडत नाहीत.

इथे लोक मेस्त्रीला शिव्या घालतात. मला ते मान्य नाही. नालासोपाऱ्यात एक मेस्त्री आहेत, आमच्या भुईगावातल्या दोन गाड्या त्यांनी केल्या. ते म्हणाले, 'दादा, रंगाला गिऱ्हाईक न विचारता पैसे देतं. बुश म्हटलं की विचारतं, जुनाच नाही का चालणार?' हे आहे दुखणं. टायर कापून बुश बनवणाऱ्या माणसाचं आपण 'जुगाड' म्हणून कौतुक करतो आणि त्याला तो जुगाड करायला आपणच भाग पाडतो. त्याला ठाऊक असतं बरोबर काय ते. दोन दिवस थांबायला आणि खाली झोपून केलेल्या कामाची मजुरी द्यायला आपण तयार नसतो.

'गाडी रोज कुठे चालवायची आहे?' हे दुसरं लाडकं उत्तर. सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले: नंबरात 'व्हीए' अक्षरं, नोंदणीला वीस हजार रुपये, आणि रस्त्यावर यायचं ते रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतं. चांगलं आहे. पण रॅलीला जाणारी गाडी वसईच्या पावसाळी खड्ड्यांतूनच बाहेर पडते ना? वर्षातून दोनदा चालणाऱ्या गाडीचा बुश उभ्या-उभ्याही सुकतो आणि तडकतो. कमी चालते म्हणून नीट जोडायची गरज नाही, हा हिशोब मला आजवर कुणी समजावून देऊ शकलेलं नाही.

त्यात आमचा समुद्र. भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांपाशी जुनी गाडी उभी करून फोटो काढायची हौस मी समजू शकतो. ओल्या वाळूत चाकं घालणाऱ्यांची मात्र कीव येते. खारं पाणी पाट्याच्या पानांमध्ये शिरतं आणि तिथेच बसतं. बोल्ट नळीत असा धरतो की पुढच्या वेळी करवतीशिवाय निघत नाही. घरी येऊन बॉनेट पुसतात. पाइप खाली धरून गोड्या पाण्याने पाटा धुताना मी अजून एकालाही पाहिलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी चकचकीत हेरल्ड विकायला काढली आणि लाखात किंमत सांगितली, तर मोबाइलचा टॉर्च लावा आणि मागे जाऊन उताणे झोपा. बुश बघा, पत्र्या मोजा, ब्रेकची नळी चाचपा. मालक 'अहो कपडे खराब होतील' म्हणाला, तर अजून जरा आत सरका.