अद्ययावतीकरणात हरवलेली अक्षरे

ब्लॉगलेखनाच्या आरंभकाळातील एक जुनी सेवा, ‘टाइपपॅड’, ३० सप्टेंबर २०२५ रोजी कायमची बंद झाली. २००३ मध्ये सुरू झालेल्या या सेवेने आपल्या ग्राहकांना जेमतेम महिनाभराची मुदत दिली. तेवढ्या अवधीत ज्यांनी आपले लेखन उतरवून घेतले त्यांचे वाचले. ज्यांच्या नजरेस ती सूचना पडलीच नाही, त्यांचे गेले. असे असले तरी दुकान बंद करणाऱ्याने निदान दारावर पाटी लावली होती. याहून अवघड प्रकार असा की, दुकान उघडेच असते, मालक तोच असतो, रात्रीतून थोडी डागडुजी होते आणि सकाळी फडताळे रिकामी आढळतात. संगणकाच्या भाषेत या डागडुजीला ‘अपडेट’ म्हणतात. ती आपल्या हिताची आहे, असे आपल्याला सतत सांगितले जाते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. उरलेल्या वेळी काय होते, हा येथे विचार करण्याचा प्रश्न आहे.

क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकाचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील साठवण यंत्रणेतून सुमारे ७७ टेराबाइट विदा, म्हणजे जवळपास ३ कोटी ४० लाख फायली, दोन दिवसांत पुसल्या गेल्या. १४ संशोधक गटांना त्याचा फटका बसला आणि त्यांपैकी चार गटांची विदा परत मिळण्यासारखी राहिली नाही. हा हल्ला नव्हता, आग नव्हती, यंत्रही बिघडले नव्हते. जुन्या नोंदी झाडून टाकणारी एक छोटी आज्ञावली पुरवठादार कंपनीने सुधारली आणि जुनी आज्ञावली चालू असतानाच तिच्या जागी नवी ठेवली. अर्धे काम जुन्या सूचनांनुसार आणि अर्धे नव्या सूचनांनुसार झाले. कोणत्या कप्प्यातील कचरा काढायचा हे सांगणारी जागा रिकामी राहिली आणि केरसुणी सगळ्या घरावरून फिरली. विशेष म्हणजे ही आज्ञावली बॅकअप घेणाऱ्या व्यवस्थेचाच भाग होती. पुरवठादार कंपनीने संपूर्ण जबाबदारी स्वीकारली. जपानमध्ये अशी कबुली लेखी आणि जाहीर दिली जाते. अन्यत्र ती क्वचितच वाट्याला येते.

विद्यापीठाची ही कथा, मग घरगुती संगणकाची काय? २ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नवी आवृत्ती वितरित केली आणि चारच दिवसांत ती मागे घ्यावी लागली, कारण काही जणांच्या वैयक्तिक दस्तऐवजांचे कप्पे रिकामे झाले होते. अशांचे प्रमाण दहा हजारांत एक एवढेच असल्याचे कंपनीने सांगितले. ते मान्य केले, तरी ज्याचे दस्तऐवज गेले त्याच्यापुरते ते प्रमाण शंभर टक्केच असते. त्यातील उद्बोधक भाग निराळाच आहे. आवृत्ती सर्वांना देण्यापूर्वी ती वापरून पाहणाऱ्या स्वयंसेवकांपैकी काहींनी नेमकी हीच तक्रार आधी नोंदवली होती. मात्र तिला दुजोरा देणारे थोडे होते, म्हणून ती तक्रारींच्या ढिगात खाली राहिली. ज्या व्यवस्थेत दोषाचे महत्त्व डोकी मोजून ठरते, तेथे विरळा पण घातक दोष नेहमीच मागे पडणार.

वैयक्तिक लेखनाच्या बाबतीत मराठी माणसाला यातील एक पोटप्रकार चांगलाच परिचयाचा असायला हवा आणि तो थोडा उकलून सांगणे आवश्यक आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत मराठीत ब्लॉगची लाट आली. पुण्या-मुंबईचे, तसेच अमेरिकेत आणि आखाती देशांत स्थायिक झालेले असंख्य लोक लिहू लागले. त्यापूर्वी महाजालावर मराठी वाचायचे तर त्या त्या संकेतस्थळाचा खास फाँट उतरवून घ्यावा लागे. फाँट नसला की निरर्थक रोमन अक्षरांचा खच दिसे. वृत्तपत्रांच्या आवृत्त्याही त्याला अपवाद नव्हत्या. युनिकोडने ही अडचण दूर केली, असे आपण मानले. पडद्यापुरते ते खरे होते. पडद्यामागच्या कोठारात मात्र गोष्ट वेगळी होती.

वर्डप्रेससारख्या प्रणालीवरचे लेखन ‘मायएसक्यूएल’ नावाच्या विदाकोठारात जाऊन पडते. या कोठाराची मूळ समजूत, २०१८ मध्ये त्याची आठवी आवृत्ती येईपर्यंत, अशी होती की आत येणारा मजकूर पश्चिम युरोपीय लिपीतला आहे. ‘मराठी’ हा शब्द युनिकोडच्या हिशेबाने पाच चिन्हांचा आणि त्याला साठवणीत लागतात पंधरा बाइट. कोठार समजे की ही पंधरा युरोपीय अक्षरे आहेत. ठेवताना जी चुकीची समजूत, तीच काढताना असल्याने दोन चुका एकमेकींना खोडत आणि वाचकाला ‘मराठी’ असेच दिसे. २००७ च्या मे महिन्यात वर्डप्रेसची २.२ ही आवृत्ती आली आणि तिने कोठाराशी कोणत्या लिपीसंकेतात बोलायचे हे मांडणीच्या फायलीत स्पष्ट नोंदवण्याची सोय केली. सुधारणा योग्यच होती. पण ज्यांचे जुने लेखन आधीच्या समजुतीने ठेवलेले होते त्यांनी नवा संकेत नोंदवला, की दोन चुकांपैकी एकच दुरुस्त होई. मग प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्याच्या शेजारी वर्तुळाला चार पाय फुटल्यासारखे एक चिन्ह आणि पुढे आणखी एखादे, असे तीन-तीन चिन्हांचे भेंडोळे दिसू लागे.

इंग्रजी लिहिणाऱ्याला यातले काहीही जाणवले नाही, कारण साधी रोमन अक्षरे दोन्ही संकेतांत एकसारखीच साठवली जातात. फार तर एखादे वळणदार अवतरणचिन्ह बिघडे. सुधारणा तपासणारा ज्या भाषेत तपासतो, त्या भाषेत दोष उमटतच नाही, तर तो त्याला सापडावा कसा?

तरीही वरील प्रकारात मजकूर गेलेला नसतो. बाइट जसेच्या तसे असतात. जाणकाराने समजूत बदलली की अक्षरे परत येतात. खरा घात पुढच्या पायरीवर होतो. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिका तळकोकणातील आपल्या गावाविषयी काही वर्षे नेमाने लिहीत असत. घरातील बोलीचे शब्द, भाताच्या जाती, देवळातील मानपानाचे वाद, बंद पडलेल्या शाळेची हजेरी. त्यांच्या लेखनाला जागा भाड्याने देणाऱ्या संस्थेने आपला सर्व्हर नव्या आवृत्तीवर हलवला आणि हलवताना लिपीसंकेत चुकला. या वेळी कोठाराने न ओळखता येणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहून टाकले. ‘मराठी’च्या जागी पाच प्रश्नचिन्हे. बाईंनी पान उघडले तेव्हा परिच्छेद जागच्या जागी होते, स्वल्पविराम आणि पूर्णविराम जागच्या जागी होते, शब्दांमधील अंतरेही तशीच होती. अक्षर मात्र एकही नव्हते. संस्थेकडे बॅकअप होता. परंतु तो हलवण्याचे काम झाल्यानंतर घेतलेला होता आणि त्याने प्रश्नचिन्हेच इमानेइतबारे जपून ठेवली होती. लेखांच्या बऱ्याच भागाच्या हस्तलिखित वह्या बाईंपाशी निघाल्या. दूरदेशी गेलेल्या गावकऱ्यांनी त्या लेखांखाली जी भर घातली होती, कोणाच्या आजोबांचे नाव, कोणत्या पुराची तारीख, ती कोणत्याच वहीत नव्हती.

बॅकअप या शब्दावर आपला फार विश्वास असतो, म्हणून त्याविषयी थोडे बोलले पाहिजे. ‘जर्नलस्पेस’ नावाची ब्लॉगसेवा सुमारे सहा वर्षे चालली आणि २००८ च्या अखेरीस तिची सगळी विदा एका झटक्यात नाहीशी झाली. तिच्याकडे दोन तबकड्या होत्या. एकीवर जे होई ते तत्क्षणी दुसरीवर उमटे. एक तबकडी बिघडली तर दुसरी कामी यावी ही योजना. पण पहिलीवरचे पुसले गेले तेव्हा दुसरीवरचेही त्याच क्षणी पुसले गेले. आरसा म्हणजे प्रत नव्हे, हे तेव्हा अनेकांच्या ध्यानात आले. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या आज्ञावलीकारांच्या प्रसिद्ध सेवेत एका कर्मचाऱ्याने चुकीच्या सर्व्हरवरील कोठार पुसले. बॅकअपचे पाच मार्ग कागदावर होते, त्यांपैकी ऐनवेळी एकही नीट चालला नाही. कोठार नव्या आवृत्तीचे आणि त्याची प्रत काढणारे साधन जुन्या आवृत्तीचे, त्यामुळे रोजची प्रत निघतच नव्हती; आणि ती निघत नसल्याचा इशारा देणारे ई-पत्र टपालव्यवस्थेतच अडवले जात होते. सुदैवाने एका कर्मचाऱ्याने दुसऱ्या कामासाठी सहा तास आधी काढलेली प्रत सापडली. गिटलॅबने ही सगळी दुरुस्ती लोकांसमोर, थेट प्रक्षेपणात केली, हे तिच्या पदरात घातले पाहिजे.

मोठ्या कंपनीच्या छत्राखाली असलेल्यांचे काय, तर त्यांचे तुलनेने बरे चालते. मे २०११ मध्ये गूगलच्या ब्लॉगर सेवेत नियोजित डागडुजीच्या वेळी विदा बिघडली, वीसएक तास कोणालाच काही लिहिता आले नाही आणि ताजे लेख दिसेनासे झाले. पुढे ते बव्हंशी परत आणले गेले. परंतु ‘मायस्पेस’ही एके काळी मोठीच होती. सर्व्हर हलवताना २०१६ पूर्वी चढवलेली छायाचित्रे, चित्रफिती आणि गाणी गेली, हे तिने २०१९ मध्ये मान्य केले. त्या वेळच्या वृत्तांनुसार गाण्यांची संख्या पाच कोटींच्या घरात होती. एका संशोधक गटाने पूर्वी सहज उतरवून ठेवलेली सुमारे चार लाख नव्वद हजार गाणी तेवढी इंटरनेट अर्काइव्हपाशी पोहोचली.

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ‘सेवा’ या संज्ञेतून विनामूल्य सेवा वगळतो. म्हणजे फुकट मिळालेल्या जागेवरचे दहा वर्षांचे लेखन उडाले, तर ग्राहक म्हणून दाद मागण्याचा मार्ग जवळजवळ नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याकडून अपेक्षा बाळगावी असे वाटते, कारण त्यातील विदाभंगाच्या व्याख्येत चोरीबरोबरच अपघाताने झालेला नाश आणि विदेपर्यंत पोहोचता न येणे यांचाही समावेश आहे. ही व्याख्या खरोखरच चांगली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. मात्र जी वैयक्तिक विदा व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागूच नाही. आणि हा अपवाद समजावण्यासाठी कायद्याने दिलेले उदाहरण आहे ते आपली मते ब्लॉगवर मांडणाऱ्या व्यक्तीचेच! अपवादामागचा हेतू समजण्यासारखा आहे. जे जगजाहीर केले त्याच्या गुप्ततेचा आग्रह धरता येत नाही. परंतु गुप्तता आणि जपणूक या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि येथे पहिलीबरोबर दुसरीही सोडून दिली गेली. आपली विदा उचलून दुसरीकडे नेण्याचा जो हक्क युरोपीय नागरिकांना मे २०१८ पासून आहे, तो आपल्या २०१९ च्या विधेयकात होता. २०२३ च्या कायद्यात तो उरला नाही.

छापील पुस्तकांची गोष्ट पाहा. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना पुस्तकाची प्रत द्यावी लागते आणि त्यांपैकी एक मुंबईत आहे. अंमलबजावणी किती होते हा भाग अलाहिदा. तरी स्वखर्चाने छापलेल्या, कोणी न वाचलेल्या कवितासंग्रहालाही कायद्याने एक फडताळ ठरवून दिलेले आहे. महाजालावरच्या मजकुराला ते नाही. ब्रिटनने एप्रिल २०१३ पासून संकेतस्थळांचाही असा संग्रह कायद्याने सुरू केला. अर्थात ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीची ही दारेही दीर्घकाळ मिटली होती. खाजगी प्रयत्नांवर उभ्या असलेल्या इंटरनेट अर्काइव्हलाही ऑक्टोबर २०२४ मधील हल्ल्याने काही काळ ठप्प केले. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ च्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती. ही पाहणी सर्वसाधारण नमुन्यावरची. मराठी पानांची अशी मोजदाद स्वतंत्रपणे झाली पाहिजे आणि राज्याचा मराठी भाषा विभाग ते काम एखाद्या विद्यापीठाकडे सोपवू शकतो.

तोपर्यंत ज्याची त्याला काळजी घ्यावी लागणार, आणि तेथेही एक फसगत आहे. वर्डप्रेसमधून ‘निर्यात’ केलेल्या फायलीत लेख येतात, प्रतिक्रिया येतात, तारखाही येतात. छायाचित्रे मात्र येत नाहीत. त्यांचे फक्त पत्ते येतात, आणि ते पत्ते जुन्याच सर्व्हरचे असतात. ती फाइल काढून निर्धास्त झालेल्या माणसाने जागेचे भाडे भरणे थांबवले, की पत्ते शाबूत राहतात आणि चित्रे जातात. छायाचित्रांचा कप्पा निराळा उतरवून घ्यावा लागतो. शिवाय उतरवलेली फाइल एकदा साध्या मजकूर-संपादकात उघडून पाहावी, तिच्यात देवनागरी दिसते की प्रश्नचिन्हे, हे त्याच दिवशी कळते. ओळखीच्या त्या शिक्षिका आता दर महिन्याला लेख कागदावर छापून घेतात आणि त्यांखालच्या प्रतिक्रियाही.