फरीदाबादच्या गावांचे विखुरलेले दप्तर



फरीदाबाद म्हटले की कारखाने, ट्रॅक्टर आणि मथुरा रोडवरची वाहनांची रांग एवढेच लोकांच्या डोळ्यांपुढे येते. ‘या शहराला कसला आलाय इतिहास?’ हा प्रश्न इथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी मंडळीही सहज करतात. जहांगिराच्या काळी, १६०७ मध्ये, शेख फरीदने हे गाव वसवले, एवढे सांगून विषय मिटवला जातो. पण जिल्हा म्हणजे नुसते शहर नव्हे. अनंगपूरला डोंगराच्या घळीत तोमरकालीन घडीव दगडांचा बांध उभा आहे, तिलपतला १६६९ मध्ये गोकुळा जाटाने मोगली फौजेशी झुंज दिली, आणि यमुनेच्या बाजूला तिगाव, मोहना, छांयसा ही जुनी गावे आहेत. या गावांचा इतिहास गाववार, तिथल्याच लोकांच्या हातून आणि लवकरात लवकर गोळा व्हावा व कोणालाही पाहता येईल असा जिल्ह्यातच ठेवला जावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

हे काम विद्यापीठांवर किंवा पुराणवस्तू खात्यावर सोपवून चालणार नाही, कारण कागद एका जागी नाहीतच. बल्लभगडजवळचे कोणतेही गाव घ्या. १८५७ च्या उठावापर्यंत ते राजा नाहरसिंहाच्या संस्थानात होते. ९ जानेवारी १८५८ रोजी इंग्रजांनी राजाला चांदणी चौकात फाशी दिली, संस्थान खालसा केले आणि गाव दिल्ली जिल्ह्यात गेले. १९१२ मध्ये दिल्लीचा प्रांत वेगळा निघाला तेव्हा बल्लभगड तहसिलीचा बराचसा भाग गुडगावला जोडला गेला, आणि १५ ऑगस्ट १९७९ रोजी फरीदाबाद जिल्हा झाला. राज्यकर्ते बदलले तशी दप्तरेही हलली. या दप्तरांतले मुख्य कागद असे: गावाचा शजरा म्हणजे शेतांचा नकाशा, शजरा नसब म्हणजे जमीनमालकांची वंशावळ, आणि वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या रूढींची नोंद. गायरान कोणाचे, शामिलात म्हणजे सामाईक जमिनीवर हक्क कोणाचा, कारागिरांनी काय द्यायचे आणि काय घ्यायचे, हे या शेवटच्या कागदात सापडते. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त आपल्याकडच्या खेड्यांचा जो संसार मांडला, त्याच्या जवळ जाणारा हा ऐवज आहे. तो गिचमिड अक्षरातल्या उर्दूत आहे, आणि ती उर्दू वाचणारे पटवारी आता म्हातारे झाले आहेत. एका गावाचे सगळे धागे जुळवायला जी चिकाटी लागते ती त्या गावाशी नाते असलेल्या माणसाकडेच असते.

घाई कशाला, असे कोणी विचारील. आग्रा कालव्यापलीकडच्या भागाला लोक अजून ‘नहरपार’ म्हणतात, पण तिथल्या शेतांवर सेक्टर उभे राहिले आहेत. जेवर विमानतळाकडे जाणाऱ्या नव्या रस्त्यासाठीही या पट्ट्यातली जमीन गेली. शेत गेले की शेताचे नाव जाते, आणि विहीर, जोहड (तळे), थान (देवस्थान) यांच्या कहाण्या सांगायला जागाच उरत नाही. माणसे गेली की आठवणीही जातात. एनआयटी (न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप) या वसाहतीचेच पाहा. फाळणीनंतर बन्नू, डेरा इस्माईल खान अशा सरहद्दीकडच्या भागांतून आलेल्या निर्वासितांनी १९४९ पासून स्वतः राबून ही वसाहत उभी केली. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि सुधीर घोष त्यांच्या पाठीशी होते. एल. सी. जैन यांनी त्यावर पुस्तक लिहिले म्हणून निदान तेवढे टिकले. त्या वेळी विशीत असलेला माणूस आज शंभरीच्या जवळ आहे. खेड्यांच्या वाट्याला तर असा लेखकही आला नाही.

यावर गंभीर आक्षेप असा की गावकरी सांगतात त्या दंतकथा, त्यांना इतिहास म्हणायचे कसे? सीहीचेच पाहू. हे गाव सूरदासांचे जन्मस्थान मानले जाते आणि मेट्रोचे स्थानकही सूरदासांच्या नावाचे आहे. काही अभ्यासक मात्र आग्र्याजवळच्या रुनकत्याचे नाव घेतात. सीहीच्या बाजूने मुख्य आधार वल्लभ संप्रदायातल्या हरिरायांच्या सतराव्या शतकातल्या टीकेचा. त्यांनी हे गाव दिल्लीपासून चार कोसांवर सांगितले आहे. याच हमरस्त्यावर मोगलांचे कोस मिनार आहेत, त्यांच्यामधल्या अंतरावरून कोस फार तर सव्वाचार किलोमीटरांचा भरतो. म्हणजे चार कोस झाले फार तर सतरा किलोमीटर. शाहजहानच्या दिल्लीपासून सीही सरळ रेषेतही तीस किलोमीटरांच्या पुढे पडते. तुघलकाबादेपासून मोजले तर अंतर सतरा-अठरावर येते. हरिरायांच्या मनात कोणती दिल्ली होती? की त्यांनी अंदाजाने लिहिले? असे प्रश्न दंतकथा नीट टिपून घेतल्यावरच पडतात. कोणी सांगितले, कधी सांगितले, कोणाकडून ऐकले, हे शेजारी लिहिले की दंतकथाही पुरावा म्हणून तपासता येते. ती हसण्यावारी नेली तर तपासायला काही राहतच नाही.

दुसरा आक्षेप जातीय तेढीचा आहे आणि तो मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. तोमर राजा अनंगपाल गुर्जर की राजपूत, यावरून तणाव होतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण हे वाद पुतळा आणि फलक यांच्याभोवती पेटतात, कारण तिथे एकच दावा मावतो. गावाच्या नोंदवहीत दोन्ही बाजू, आणि ज्यांना कोणी विचारत नाही त्या कारागीर व भूमिहीन घरांच्या आठवणीही, एकाच पानावर राहू शकतात. तशी अट सुरुवातीलाच घालावी लागेल.

आता मराठी मंडळींकडे येतो. फेब्रुवारी १७५७ च्या सुरुवातीला अब्दालीच्या मोठ्या फौजेने मराठा सरदार अंताजी माणकेश्वरांना याच फरीदाबादेपाशी गाठले. त्यांची बरीच माणसे पडली. मार्चमध्ये बल्लभगडचा किल्ला पडला तेव्हा जाट राजपुत्र जवाहरसिंहाबरोबर अंताजी आतच होते आणि रात्री वेढ्यातून निसटले. या घडामोडींची उत्तरेतून गेलेली मराठी पत्रे गो. स. सरदेसाईंनी संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या खंडांत छापलेली आहेत, पण ज्या गावांचा त्यांत उल्लेख आहे तिथे ती कोणाला वाचता येत नाहीत. मात्र आपण केवळ आपल्या पराक्रमाच्या खुणा शोधायला गेलो तर ते इतिहासाचे काम होणार नाही. त्याआधी तीनच वर्षे, १७५४ मध्ये, मराठ्यांनी जाटांच्या कुम्हेरला वेढा घातला होता आणि खंडणीसाठी त्यांचा मुलूख धारेवर धरला होता. खंडेराव होळकर तिथेच पडले. जाट गावांना मराठ्यांची आठवण कशी आहे, हेही ऐकून घेऊन तसेच लिहिले पाहिजे.

वि. का. राजवाड्यांनी लोकांच्या घरातली दप्तरे जमवून १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांच्यामागे सरकार नव्हते. इथल्या मराठी घरांत निवृत्त शिक्षक आहेत, अभियंते आहेत. त्यांनी १७५७ ची बल्लभगड-फरीदाबादसंबंधीची छापील पत्रे निवडून त्यांचा हिंदी अनुवाद करावा आणि त्याची प्रत बल्लभगडच्या शाळांना व ग्रामपंचायतींना द्यावी. जिल्हा प्रशासनाने त्या बदल्यात निदान एका गावाची वाजिब-उल-अर्ज देवनागरीत उतरवून खुली करावी. सुरुवात सीहीपासून करता येईल.

आपला,
एक वाचक, फरीदाबाद