गाडीच्या आधी घर तयार करा



आपल्या कळवण तालुक्यात अभोणा, कनाशी, दळवट भागातल्या शाळांवर रोज दुचाकीने ये-जा करणारे शिक्षक भरपूर आहेत. पेट्रोलचा खर्च बघता मधल्या सुट्टीत इलेक्ट्रिक स्कूटरचा विषय निघतोच. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते, हप्ता किती बसतो, सगळं विचारलं जातं. पण "चार्जिंग घरात कुठे करणार?" हे कोणी विचारत नाही. माझ्या मते गाडी बुक करण्याआधी पहिला प्रश्न हाच हवा.

"मोबाईल लावतो तशीच लावायची, त्यात काय!" असं बरेच जण म्हणतात. जरा गणित करून बघू. मोबाईलच्या बॅटरीत साधारण २० वॅट-तास ऊर्जा मावते. स्कूटरच्या ३ किलोवॅट-तासाच्या बॅटरीत ३००० वॅट-तास. म्हणजे दीडशे पट! मग तिला मोबाईलसारखं उशाशी कसं ठेवायचं?

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरात स्कूटरची बॅटरी काढून रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावली होती. तिचा स्फोट झाला. तिथेच झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि उपचार सुरू असताना गेला. सात वर्षांचं म्हणजे आपल्या दुसरीच्या वर्गातलं मूल. त्या वर्षी अशा आगींच्या घटना घडल्यामुळे केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. पण नियम बॅटरीला आहेत. आपल्या भिंतीतल्या जुन्या वायरला कोण बघणार? ते आपणच बघायचं.

काय बघायचं?

पहिलं, अर्थिंग. जुन्या घरांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण तिसऱ्याला वायरच जोडलेली नसते. परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाका.

दुसरं, स्वतंत्र लाइन. स्कूटरचा चार्जर साधारण ७०० ते ८०० वॅट ओढतो, तोही सलग चार-पाच तास. सैल सॉकेट किंवा एक्स्टेंशन बोर्ड तेवढ्या वेळात तापतो. म्हणून मीटरपासून वेगळी वायर, १५ अँपिअरचा पक्का सॉकेट, एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा.

तिसरं, वीजबिलावरचा मंजूर भार. घरगुती जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करता येते. पण मंजूर भार एकच किलोवॅट असेल, तर चार्जर, इस्त्री, मोटर एकदम चालवून कसं भागेल? महावितरणकडे भार वाढवून घ्या. चारचाकी घेणार असाल, तर साध्या चार्जरलाही तीन किलोवॅटच्या वर लागतात.

चौथं, जागा. झोपायच्या खोलीत नको, आणि घराच्या एकुलत्या एक दारातही नको. आग लागली तर बाहेर पडायचं कुठून? पत्र्याची का होईना, पाऊस न लागणारी, हवेशीर जागा करा. आणि शाळेच्या वर्गखोलीत तर बॅटरी अजिबात लावू नका.

"एवढा खर्च कशाला?" असं घरात कोणी म्हणेलच. मला वाटतं, हा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. हेल्मेटचे पैसे आपण वेगळे मोजतो का? पैसे कमी पडत असतील तर गाडी दोन महिने उशिरा घ्या, पण लाइन आधी टाका.

वर्गातही हा विषय घेता येईल. मुलांना तीन पिनांचा प्लग फक्त हातात द्या आणि विचारा, वरची पिन जाड आणि लांब का? ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते, म्हणून आपण सुरक्षित राहतो. एवढं कळलेलं मूल घरी जाऊन नक्की विचारेल, "आपल्या घरात अर्थिंग आहे का?" तेव्हा आपल्याकडे उत्तर तयार असावं.